सुमनच्या केटलीतला रस

सुमन, तुले मातीत ठेवून नऊ दिवस नाही झाले अन् चर्चच्या सेक्रेटरीचा फोन आला. मले वाटलं, प्रीतीची चौकशी कराले केला असेल. आईविना पोरगी कशी आहे, जेवते का, एवढं तरी माणसानं विचारावं. त्यानं विचारलं, येत्या रविवारी प्रभुभोजन आहे, रस कोण करणार? वरून म्हणते, सुमनबाईची पद्धत तुम्हालेच माहीत आहे म्हणून तुम्हाले त्रास देऊन राहिलो. मी फोन कानाले धरून उभी राहिली अन् माझ्या तोंडाले पाणी सुटलं, ओकारीच्या आधी सुटते तसं.

दफनाच्या दिवशी हेच लोक किती गोड बोलले म्हणून सांगू. पाळकसाहेबानं तुले प्रिय भगिनी म्हटलं. सेक्रेटरीनं तुझा जीवनवृत्तांत वाचला, जन्म कुठला, नर्सची नोकरी किती वर्षं, नवरा कधी गेला. प्रभूच्या मेजासाठी बाईनं आयुष्यभर आपल्या हातानं द्राक्षरस केला, हेही वाचलं. त्याच मेजावरून बाईले अकरा वर्षं उपाशी उठवलं, ते वाचाचं राहून गेलं. मी तिसऱ्या बाकावर होती, डोक्यावर पदर घेऊन. तीस वर्षं शाळेत पोट्ट्याईले शिकवलं, माझा आवाज गल्लीभर जाते, पण त्या दिवशी नुसता पदर सारखा करत बसली. तिथं बोलली नाही ते आता तुले सांगून राहिली. तुले सगळं माहीत आहे, तरी ऐक.

तुझी ती शनिवारची दुपार. आदल्या दिवशी भिजू घातलेली इतवारी बाजारातली काळी मनुका, सदर वस्तीतल्या मागच्या गल्लीतलं तुझं दोन खोल्याईचं घर, अन् ओट्यासमोर दोन पाट. मी देठ काढायची, तू पातेल्यात उकळायची, मग हातानं कुस्करून सासूच्या जुन्या मलमलच्या फडक्यातून गाळायची. साखर नाही, रंग नाही. दुकानातली बाटली तू कधी येऊ दिली नाही, त्यात काय टाकतात देव जाणे म्हणायची. निवला का स्टीलच्या केटलीत भरायचा अन् वर झाकण. रविवारी सकाळी ती केटली चर्चच्या आतल्या खोलीत टेबलावर जाऊन बसायची, तिथून रस छोट्या पेल्याईत, पेले ट्रेमध्ये, अन् पावाच्या तुकड्यामागं ट्रे बाकाबाकानं फिरायचा; प्रभूच्या नावानं पाव अन् रस, तेच प्रभुभोजन. तुझ्या सासूनं हे केलं, तिच्यामागं तू केलं, अन् कोणाले त्यात काही विशेष वाटलं नाही.

प्रीतीच्या लग्नापर्यंत सगळं बरं चाललं होतं. तिनं मिलिंदशी लग्न ठरवलं, तो बौद्ध घरचा. पोरगा बोलाले कमी, कामाले वाघ. तू हाव म्हटलं. लग्न त्यांच्या पद्धतीनं झालं, तू पांढरी साडी नेसून गेली, अन् वंदना सुरू झाली तशी सगळ्यांसोबत हात जोडून उभी राहिली. कोणीतरी फोटो काढला. धरमपेठेतल्या रिसेप्शनले आपल्या चर्च कमिटीतले दोघं जण सहकुटुंब आले होते. मटण खाल्लं, गुलाबजाम दुसऱ्यांदा वाढून घेतले. पुढच्या मंगळवारी त्याच दोघाईनं मीटिंगमध्ये तुझ्याविरुद्ध हात वर केला. जेवण चाललं, फोटो नाही चालला. ठराव असा का, सुमनबाईनं चूक झाली असं लिहून द्यावं, तोवर त्याईले प्रभुभोजन नाही.

तुले बोलावलं तेव्हा मी दाराबाहेर बाकड्यावर बसून होती, सगळं ऐकू येत होतं. तू आवाज चढवला नाही. तू म्हटलं, "व्याह्याईच्या घरी त्याईची प्रार्थना होती, मी उभी राहिली. माझा प्रभू काही तेवढ्यानं उठून गेला नाही. मले ते पाप वाटत नाही, तर खोटं कसं लिहू?" कोणीतरी समजावलं, बाई, दोनच ओळी तर लिहाच्या आहेत. तू म्हटलं, दोन ओळी खोट्या काय अन् दोन पानं काय. बाहेर आली, चपला घातल्या, अन् मले विचारलं, शनिवारसाठी मनुका आणाले तू जाशील का मी जाऊ.

मले वाटलं चेष्टा करून राहिली. भैताड झाली का वं तू, मी म्हटलं, त्याईनं तुले उठवलं अन् तू त्याईसाठी रस करशील? सेक्रेटरीलेही मी जाऊन विचारलं, का बाबा, ही बाई चालत नाही तर हिचा रस कसा चालते? तर तो म्हणते, ती सेवा वेगळी, हे भोजन वेगळं. म्हणजे हात चालते, तोंड चालत नाही. ते वाक्य आठवलं का मले आजही अंगावर पाल पडल्यावानी होते. माणूस असं बोलून संध्याकाळी घरी जाऊन जेवते कसा, हेच मले समजत नाही.

अन् तू केला. अकरा वर्षं, दर महिन्याले. शेवटच्या बाकावर बसायची, सगळ्यात मोठ्यानं गायची, अन् ट्रे आला का हसून बाजूच्याले द्यायची. मी तिसऱ्या बाकावर. ट्रे माझ्यापाशी आला का मी पेला उचलायची अन् पेऊन टाकायची. तुझ्या पातेल्यातला रस, मीच देठ काढलेला. अकरा वर्षांत माझा हात एकदाही थांबला नाही. कमिटीची किळस मी चार ठिकाणी बोलून दाखवली, पण माझ्या हाताची गोष्ट कोणाले सांगतली नाही. तू कधी विचारलं नाही, म्हणून तुलेही नाही.

बंदी आल्यापासून तू एक मात्र सोडलं, चाखणं. आधी बोट बुडवून पाहायची, गोडीले आला का नाही. नंतर चमचा माझ्यापुढं धरायची अन् म्हणायची, "चाखून पाह्य वं." मी चिडायची. तुझं घर, तुझा गॅस, तुझी मनुका, थेंबभर जिभेले लावला तर कोणता सेक्रेटरी पाहाले येऊन राहिला? तू म्हणायची, "चोरून काहून घेऊ? कोणी दिला तर घेईन." मले तो तुझा हट्ट वाटायचा, अन् जरा अडाणीपणाही वाटायचा. आता सांगून टाकते.

त्या चाखण्यापायी एकदा काय गंमत झाली. मे महिना, मी बहिणीकडे वर्ध्याले गेलेली. दिवसभर लाईन नव्हती, फ्रीज बंद, उन्हानं रस फसफसला, अन् चाखाले कोणी नाही म्हणून तुले पत्ता लागला नाही. उरलेला रस फेकत नाहीत, कमिटीवाले आतल्या खोलीत संपवतात. त्या रविवारी सेक्रेटरीनं सहा पेले संपवले अन् लाल कानानं बाहेर येऊन तुले म्हटलं, आज रस फार उत्तम साधला, सुमनबाई. व्यसनमुक्तीवर भाषण देणारा माणूस! मी परत आल्यावर हे सांगताना तू ओट्याले धरून हसली, डोळ्यातून पाणी येईतोवर. पण बाईमाणसाले मेजावरून उठवलं अन् तिच्याच हातचं सहा पेले ढोसलं, हे हसण्यासारखं होतं का वं? तुले होतं. मले अजून नाही.

माझा नवरा गेला तेव्हाचंही सांगते. चर्चच्या महिला मंडळातल्या बायका सांत्वनाले आल्या अन् कोणी न विचारता माझ्या बांगड्या काढल्या. आपल्यात असं काही नाही म्हणतो आपण, अन् करतो तेच. मी हात पुढं केला. आठ दिवसांनी तू आली. सीताबर्डीच्या फुटपाथवरून डझनभर मरून रंगाच्या काचेच्या बांगड्या आणल्या होत्या. माझा हात मोठा, तू साबण लावून एकेक चढवली. मी म्हटलं, लोक काय म्हणतील. तू म्हटलं, "नवरा मेला तुझा, मनगट नाही मेलं." त्या दिवशी मी पहिल्यांदा पोटभर रडली. त्यातल्या सात बांगड्या अजून आहेत माझ्या हातात, हे सांगताना वाजून राहिल्या.

म्हणून तर तुझा राग यायचा. मले सोडवणारी बाई स्वतः बांधून घेऊन बसली, असं वाटायचं. आपलं मोठं भांडण आठवते ना? मी म्हटलं, ख्रिस्तानं आपल्याले मोकळं केलं म्हणून गाणी म्हणते तू, अन् काम करते गुलामाचं. शहरात चर्च कमी आहेत का, सोड हे. तू मनुका धुऊन राहिली होती, मान वर केली नाही. म्हटलं, तीनशे माणसं बसतात, त्यात कमिटीचे सात, त्या सातापायी बाकीच्याईचा पेला काहून रिकामा ठेवू? मी म्हटलं, हे शहाणपण तुझ्यापाशी ठेव. तेव्हा तू मान वर करून म्हटलं, "मी मोकळी आहे म्हणून करते, कमल. तू सोडशील ना, तर रागानं सोडशील, मग रागाची चाकरी करशील." मी पाट सरकवून उठली अन् दोन महिने तुझ्या घराची पायरी चढली नाही. तिसऱ्या महिन्यात तूच भिजलेल्या मनुकांचं पातेलं घेऊन माझ्या दारात उभी. देठ कोण काढीन, एवढंच म्हटलं. भांडण तिथंच राहिलं, ना मी हरली ना तू.

आता ते सांगते, जे सांगाची मले लाज वाटते.

शनिवारी रस करून केटली फ्रीजमध्ये ठेवली अन् तुले धाप लागली. प्रीती अन् मिलिंदनं दवाखान्यात नेलं. त्या रविवारची केटली चर्चले गेलीच नाही, प्रभुभोजन दोन आठवडे पुढं ढकललं. बुधवारी दुपारी मी तुझ्यापाशी बसून होती, प्रीती औषधं आणाले खाली गेली होती. तू नाकातली नळी जरा बाजूले केली अन् म्हटलं, "कमल, घरी केटली आहे. खालून पाव आण. तू दे."

तू दे, म्हटलं. अकरा वर्षांत तू कोणाले मागतलं नव्हतं. अन् मी काय म्हटलं? मी म्हटलं, "मी कोण देणारी वं? पाळकसाहेबाले आणते."

तू माझ्याकडं पाह्यलं अन् नळी परत नाकाले लावली. मी पर्स उचलली अन् पळाली. ऑटो करून पाळकाच्या बंगल्यावर. तरुण पोरगा, मनानं वाईट नाही, पण कणा कुठं ठेवून आला देव जाणे. म्हणते, माझी तयारी आहे, आंटी, फक्त कमिटीचं एकदा क्लिअर करून घ्या. मी पुन्हा ऑटोत, सेक्रेटरीच्या घरी. त्यानं बसवलं, पंखा लावला, बायकोले चहा सांगतला. म्हणते, आम्ही का दगडाचे आहोत, दोन ओळींवर सही आणा, पाळक अर्ध्या तासात पोचतील. अन् कपाटातून कागद काढला. टाइप करून ठेवलेलाच होता, सुमन. किती वर्षांपासून ठेवला होता कोणास ठाऊक, कडा पिवळ्या पडल्या होत्या. बाई कधी ना कधी मरेल, तेव्हा तर सही करेल, अशा हिशेबानं जपून ठेवलेला. मी तो त्याच्या तोंडावर फेकून निघाले पाहिजे होतं. मी चहा पेली. बिस्किटही खाल्लं. कागदाची घडी केली, पर्समध्ये ठेवली अन् थँक्यू म्हटलं.

अन् तो कागद मी तुझ्यापुढं धरला. वर पेन.

तू तो वाचला. चष्मा नव्हता, डोळे बारीक करून, सावकाश. मले वाटलं चिडशील, शिव्या देशील. तुले हसू आलं, त्या धापेतही. म्हटलं, "मी रस मागतला होता वं, पेन नाही." मग कागद उशीपाशी ठेवला अन् म्हटलं, राहू दे, बस जवळ. माझा हात घेतला अन् माझ्या बांगड्या मनगटावर वरखाली करत राहिली. प्रीती आली, मी घरी गेली. सकाळी आठ वाजता तिचा फोन आला.

तेव्हापासून मले माझ्या तोंडाची किळस येते. तुले गुलाम म्हणणारी मी. कमिटीले ढोंगी म्हणणारी मी. केटली तुझ्या फ्रीजमध्ये, दवाखान्यापासून दहा मिनिटांवर, अन् पाव खालच्या कँटीनमध्ये. कोण अडवत होतं? तिथं ना पाळक होता ना सेक्रेटरी. मीच मले अडवलं. शिस्त मोडते, आपल्याले अधिकार नाही, उद्या कोणाले कळलं तर, एवढंच होतं डोक्यात. कमिटी तुझ्यासाठी खोलीत बसलेली होती, माझ्यासाठी डोक्यात, अन् मले अकरा वर्षं पत्ता नाही. तू चाखली नाही ते तू ठरवून. मी पेली ते सवयीनं.

तर सेक्रेटरीचा फोन. मी हाव म्हटलं. ठेवल्यावर विचार केला, रिकामी केटली नेऊन टेबलावर आपटीन. सगळ्यांसमोर झाकण उघडून दाखवीन. दोन दिवस त्याच विचारात मजेत होती, खोटं कशाले बोलू. मग तुझं ते चाकरीचं वाक्य आठवलं अन् जीव चिडचिडला. मेल्यावरही जिंकाले पाहते का वं, असं मी मोठ्यानं म्हटलं, एकटीच.

शनिवारी प्रीतीले बोलावलं. ती तुझी केटली अन् सासूबाईचं फडकं घेऊन आली. दवाखान्यापायी पडून राहिलेला तो रस तिनं ओतला नव्हता, आंबला होता तरी नाही. मीच अंगणातल्या तुळशीपाशी ओतला, अन् केटली राखेनं घासली. प्रीती पाटावर बसून देठ काढत होती, तुझ्यासारखीच मान खाली घालून. लग्नानंतर, तुझं दफन सोडलं तर, तिनं चर्चचं तोंड पाह्यलं नाही. आईले शेवटच्या बाकावर उपाशी बसलेलं पाहवत नाही म्हणायची. रस गाळून झाला, मी सवयीनं चमचा उचलला. मग खाली ठेवला. उद्या पाहू म्हटलं.

रविवारी सकाळी सात वाजता प्रीती अन् मिलिंद आले. मी ओट्यावर दोन स्टीलच्या वाट्या ठेवल्या, पावाची कड काढली. साठ वर्षांची सवय, आतून कोणी तरी म्हणतच होतं, तू कोण, तू कोण. मी पाव मोडला अन् प्रीतीले दिला. वाटी दिली. शास्त्रातले शब्द जेवढे आठवले तेवढे म्हटले, मधले दोन विसरली. मग प्रीतीनं मले दिलं. मिलिंद दारात हेल्मेट हातात धरून उभा होता, मी त्याच्याकडं पाह्यलं तर म्हणाला, मी आईसाठी उभा राहतो. तू त्यांच्या घरी उभी राहिली होती, तसा. मग मी चाखून सांगते तुले, रस चांगला झाला होता. थोडा आंबट.

उरलेला केटलीत भरला अन् चर्चले नेला. सेक्रेटरीनं झाकण उघडून वास घेतला अन् म्हणाला, वा, अगदी सुमनबाईवानी. किळस गेली नाही माझी, सुमन, जाईल असंही वाटत नाही. पण केटली आपटली नाही. शेवटच्या बाकावर तुझ्या जागी जाऊन बसली. गाणं मोठ्यानं म्हटलं, सूर गेला तर गेला. ट्रे आला, मी दोन्ही हातानं धरला अन् बाजूच्या म्हाताऱ्याले दिला. बांगड्या वाजल्या, सेक्रेटरीनं मान वळवून पाह्यलं.

बाहेर पायरीवर त्यानं मले गाठलं.

"कमलबाई, तुम्ही घेतलं नाही?"

"सकाळीच घेतलं. घरी."

"घरी? कोणी दिलं?"

"मी दिलं," म्हटलं. "प्रीतीले मी, मले प्रीतीनं."

त्याचा चेहरा पाहाले पाहिजे होता तू. म्हणाला, हे मंगळवारच्या मीटिंगमध्ये ठेवावं लागेल. मी म्हटलं, ठेवा, कागद टाइप करून ठेवा, मी सही करणार नाही. अन् पुढच्या महिन्याले रस येईल, काळजी करू नका.

देठ काढाले प्रीती येईन म्हणाली. तुले द्याचा राहिला, सुमन, तो राहिलाच.